समजलं, पटलं नाही

माझ्या आत्याने मला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास केलं. पाचव्यांदा मी बसलो नाही. माणसाला स्वाभिमान असतो आणि शहरात बससेवा असते. थोडक्यात, मी साधी गाडी चालवायच्या लायकीचा नाही, असं तिचं सरकारी मत होतं. त्याच आत्याचा उजवा पाय गुडघ्याखाली ठेवायचा की काढायचा, हे ठरवायची पाळी आता माझ्यावर येऊ घातली होती.

आत्या परवाना कचेरीत परीक्षक होती. मांडीवर पॅड, तोंडाला कुलूप, आणि शेजारच्या सीटवर ताठ बसून तिने सबंध शहराला घाम फोडला. ‘नापास’ हा शब्द ती वापरायची नाही. गाडीतून उतरताना ‘परत या’ म्हणायची, तेही इतक्या गोड आवाजात की नवखे लोक खूश होऊन घरी जायचे आणि घरच्यांनी समजावल्यावर रडायचे. तिचं नावच परतया बाई पडलं होतं.

अठरावा वाढदिवस झाल्या दिवशीच परवाना मागायला येणाऱ्या मुलांवर तिचा विशेष लोभ. आदल्या संध्याकाळपर्यंत कायद्याच्या लेखी जे अज्ञान होते ते सकाळी सज्ञान होऊन दारात उभे. “रात्रीत काय झालं?” ती विचारायची. बहुतेक जण जबाबदारीची जाणीव वगैरे झाल्याचं सांगायचे. एकाने “काही नाही, झोपलो होतो,” असं सांगितलं. तो तिला फार आवडला. परत या तर त्यालाही म्हणालीच.

तर या आत्याला साखरेचा आजार होता आणि तो तिने शेजाऱ्याच्या कुत्र्यासारखा पाळला होता, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं समजून. पायाला कळत नव्हतं म्हणून दुखत नव्हतं आणि दुखत नव्हतं म्हणून ती बघत नव्हती. मी तिच्याच घराच्या तळमजल्यावर लाँड्री चालवतो. एके दिवशी जिन्यात मला वास आला. मी वासांच्या धंद्यातला माणूस. तो कापडाचा नव्हता.

दवाखान्यात मोजा काढला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. सर्जन मोठा दणकट, हसरा माणूस. तो म्हणाला, गुडघ्याखालून काढावा लागेल, लवकर काढला तर बरं, पुढे कृत्रिम पाय बसवू, बायका बागेत फिरतात. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नको,” ती म्हणाली.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याआधी तिने सलाइनला हो म्हटलं होतं. रक्त काढायला हो म्हटलं होतं. पायाच्या फोटोला हो म्हटलं होतं, त्याचं नाव तिला आणि मलाही उच्चारता येत नव्हतं तरीसुद्धा. एवढ्या सगळ्या ‘हो’मध्ये तिला सगळं समजतं याबद्दल कुणाच्याही मनात शंका आली नाही. एक ‘नको’ आलं आणि लगेच तिचं डोकं तपासायचं ठरलं.

सर्जनने मला बाहेर नेऊन नीट समजावलं. रुग्णाला आपण काय ठरवतोय हे समजत असेल तर त्याचा नकार अखेरचा, मग तो आम्हाला कितीही वेडगळ वाटो. समजत नसेल तर जवळच्या नातेवाइकाने ठरवायचं. दाखल होताना आत्याने जवळचा म्हणून माझं नाव सांगितलं होतं, कारण मी खालच्या मजल्यावर होतो.

“मीच तपासलं असतं हो,” सर्जन म्हणाला. “पण त्यांनी मला दोनदा परत पाठवलंय. उद्या कुणी म्हणेल, सूड उगवला.”

भूल देणाऱ्या डॉक्टरांचीही तीच अडचण. दवाखान्याच्या प्रमुखांना तर रिव्हर्स घेताना गाडी खांबाला धडकवल्याबद्दल तिने भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. शेवटी मनाच्या एक डॉक्टर मिळाल्या ज्यांचा तिच्याशी कधीच संबंध आला नव्हता. त्या सायकलने यायच्या. त्या संध्याकाळी बघायला येणार होत्या.

संध्याकाळ ही वेळ मला नको होती. कारण आदल्या संध्याकाळी ताप चढल्यावर आत्या मला म्हणाली होती, “हँडब्रेक सोड आधी, मग बोल.” तेव्हा मी पलंगाशेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होतो. मी कुणाला काही सांगितलं नाही. संत्रं सोलत राहिलो.

---

दुपारी ताई आली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवते. ती बॅग न ठेवताच सुरू झाली.

“आत्या, हा काय पोरकटपणा? अगं, जीव जाईल.”

“जाईल,” आत्या म्हणाली. “बस. बॅग ठेव.”

“जाईल काय? असं कसं म्हणतेस? डॉक्टर म्हणतात दहातले सात जण चांगले होतात ऑपरेशननंतर.”

“आणि तीन?”

“तिघांचा काय संबंध?”

“तू गणिताची ना ग?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या थेंबांकडे पाहत होतो. भीती वाटली की मी असाच कुठेतरी पाहत राहतो. बाबा म्हणायचे, याला आगीत उभा केला तर हा धुराचा रंग बघेल.

बाबांचंही असंच झालं होतं. तेच दुखणं, तोच पाय. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघा. आम्ही दोघं शिकायला बाहेर होतो. त्यांच्या उशाशी बसली ती आत्या. आम्हाला पत्रातून कळायचं की बरं चाललंय. किती बरं चाललं होतं ते तिला एकटीला माहीत.

“बाबांची गोष्ट वेगळी होती,” ताई म्हणाली. “तेव्हाची औषधं वेगळी. बाबा सिगारेट ओढायचे. आणि उशीर झाला होता.”

“हो,” आत्या म्हणाली. “सर्जनसाहेबांनी सांगितलंय मला. समजलं.”

“मग?”

“मग काही नाही. समजलं. पटलं नाही.”

ताईने मला कॉलरला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कॉलरला धरून नेणारी बहीण मिळायला भाग्य लागतं.

“ऐकलंस? तिला समजलेलं नाही.”

“ती म्हणाली समजलं.”

“समजलं असतं तर पटलं असतं! सिद्धता समजली आणि निष्कर्ष मान्य नाही, असं असतं का कुठे?”

“ताई, हा पाय आहे. प्रमेय नाही.”

“तू गप रे. तुला तर गाडीसुद्धा... ” तिने वाक्य अर्धं सोडलं. आमच्या घरात ते पुरं करायची गरज पडत नाही. “हे बघ, संध्याकाळी त्या डॉक्टर येतील. तू मध्ये तोंड घालू नकोस. त्या काय ते ठरवतील. आणि ठरवलं की आत्याला कळत नाही, तर तू सही करशील. करशील ना?”

“करीन.”

मी लगेच म्हणालो. इतक्या लगेच की माझं मलाच नवल वाटलं. मला आत्या जिवंत हवी होती. दोन पायांची, एका पायाची, चाकांच्या खुर्चीतली, रोज उठून माझ्या इस्त्रीला नावं ठेवणारी. मला फक्त एवढंच नको होतं की मी सही करावी, आणि शुद्धीवर आल्यावर तिने पांघरुणाखाली हात घालून चाचपावं, आणि मग माझ्याकडे बघावं.

ताई कॉफी आणायला गेली तसा मी परत आत शिरलो. मी तिची तयारी करून घ्यायला लागलो. आता तुम्ही विचाराल, तुला सही करायची होती ना, मग तयारी कसली? मलाही तो प्रश्न पडला होता. पण आमच्या घराण्यात कुणाची परीक्षा आहे म्हटल्यावर शेजारी बसून घोकून घेणं हे रक्तातच आहे. मग ती परीक्षा पास होणं आपल्या हिताचं असो की नसो.

“आत्या, त्या तारीख विचारतील. वार विचारतील.”

“मग बघून ठेव.”

“तू सांगायचंस!”

“मला तारखेचं काय करायचंय? पेन्शन आपोआप जमा होते.”

“आणि उलट प्रश्न विचारायचे नाहीत. त्या परीक्षक, तू उमेदवार.”

हे वाक्य मी जन्मात कधी उच्चारेन असं मला वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नसावं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तू का घाबरलायस एवढा?”

“मी कुठे घाबरलोय?”

“मघापासून त्या थेंबांची शाळा घेतोयस.”

---

मनाच्या डॉक्टर आल्या तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन आत्याच्या उशीवर आलं होतं आणि तिचे गाल लाल झाले होते. मी हात लावून पाहिला. कढत. नर्सने तापाची गोळी दिली होती, पण ती लागू पडायला वेळ लागणार होता.

डॉक्टर तरुण होत्या. कोटाच्या बाहीवर शाईचा डाग, बॉलपेनचा, दुधाने निघाला असता. मी त्या डागाला डोळे चिकटवून बसलो.

“नमस्कार, आजी.”

“मला नातवंडं नाहीत,” आत्या म्हणाली.

“माफ करा. बाई म्हणू?”

“म्हणा. गाडी कुठे लावलीत?”

“मी सायकलने येते.”

“हं,” आत्या म्हणाली. तिच्या ‘हं’मध्ये मी आयुष्यभर अर्थ शोधत आलोय. हा बरा होता.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. “बाई, तुम्ही इथे का आहात, सांगाल का मला?”

“तुम्ही सांगा.”

“मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

“सगळेच असं म्हणतात. आरसा नीट केलात?”

मी डाग सोडून वर पाहिलं. आत्याची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडे, उन्हात, कुठेतरी लांब रस्त्यावर लागली होती. तिचा उजवा हात पांघरुणावर पॅड चाचपत होता.

“कुठला आरसा, बाई?”

“मधला. तुम्हाला मागचं दिसत नाहीये. सावकाश. क्लच सोडा सावकाश.”

“आत्या थट्टेखोर आहे फार,” मी म्हणालो. माझा आवाज लाँड्रीतल्या पाइपातून आल्यासारखा आला. “पहिल्यापासून. लोकांची फिरकी घेते.”

“तुम्ही थोडं थांबाल का?” डॉक्टर मला म्हणाल्या. मग आत्याकडे वळून, “बाई, तुमच्या पायाला काय झालंय?”

“कुजलाय,” आत्या चटकन म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला.

“आणि ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?”

आत्याने मान माझ्याकडे वळवली. “बाबा झोपला का रे?” ती म्हणाली. “त्याला सांगू नकोस की काढलाय म्हणून. मी सांगेन त्याला.”

“आत्या, बाबा नाहीत,” मी म्हणालो. “तुझं विचारतायत. सांग ना, विष अंगभर पसरेल. काल सांगितलंस ना मला? सांग त्यांना. रक्तात जाईल, मग... ”

“मागून बोलायचं नाही!” आत्या ओरडली. “एकदा सांगितलं. गाडी बाजूला घ्या.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. हळूच लावलं, दार लावून घेतल्यासारखं.

बाहेर सर्जन आणि ताई उभे होते. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता या क्षणी त्यांना परिस्थिती धरून ठेवता येत नाहीये. पर्याय तोलता येत नाहीयेत. तेव्हा या निर्णयापुरती क्षमता नाही. सर्जनने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. वजनदार हात होता. ताईने डोळे पुसले. सगळ्यांचं भलं झालं होतं. एका टेबलावर माझ्यासाठी संमतीचा कागद आणि पेन ठेवलं गेलं. सर्जन म्हणाला, भूलवाले थांबलेत, तासाभरात घेऊ.

मी पेन उचललं.

आणि मला कचेरीच्या दारावरची पाटी आठवली. परवाना कचेरीत सगळे परीक्षक दिवस मावळेपर्यंत परीक्षा घ्यायचे, आत्या सोडून. परीक्षेचा रस्ता पश्चिमेकडे जायचा. दुपार कलली की ती पॅड मिटवायची आणि पाटी उलटी करायची. वरिष्ठांनी तिला जाब विचारला, लोकांनी अर्ज केले, एकाने ती आळशी असल्याचं वर्तमानपत्रात छापून आणलं. ती म्हणायची, डोळ्यात ऊन असताना माणसाची परीक्षा घेऊ नये. ती उन्हाची परीक्षा होते. मी चारही वेळा सकाळीच नापास झालोय, त्यामुळे या नियमाचा फायदा मला कधी झाला नाही.

“सकाळी परत बघाल का तिला?” मी डॉक्टरांना विचारलं.

“वेडा आहेस का?” ताई म्हणाली.

“सकाळी ताप नसतो. काल सकाळी नव्हता. आज सकाळी तिने माझ्या शर्टाच्या इस्त्रीतली चूक काढून दाखवली. हा ताप तिचं ‘हो’ही नव्हे आणि ‘नको’ही नव्हे.”

“आणि सकाळपर्यंत विष चढलं तर?” सर्जनचं हसू पुसलं गेलं होतं. “मी थांबायचा सल्ला देणार नाही. हे तुम्ही लक्षात घ्या. जबाबदारी तुमची.”

“चढेलच असं आहे?”

“चढणारच नाही असं नाही.”

मी मनाच्या डॉक्टरांकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या, बाहीवरच्या डागाकडे. तो त्यांना आत्ताच दिसला असावा.

“मी आज जे पाहिलं ते आजचं आहे,” त्या म्हणाल्या. “वाट बघणं धोक्याचं आहे, सर म्हणतात ते बरोबर. पण त्या सावध असताना विचारता येण्यासारखं असेल तर विचारायला हवं. मी उजाडताच येते. रात्रीत बिघडल्या तर मात्र विचारायला वेळ उरणार नाही. तुम्हाला सही करावी लागेल.”

“करीन,” मी म्हणालो. या वेळी लगेच नाही.

ताई माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, “तिला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही.” तेही नेमकं गणितातल्यासारखं, अट आणि फल.

---

उजाडलं तेव्हा आत्याचं कपाळ गार होतं. घामाने ओलं, पण गार. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दाढी केली नाहीस.”

मला रडू आलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

डॉक्टर सायकलची टोपी काखेत घेऊनच आल्या. या वेळी त्यांनी मला बाहेर बसवलं. पडदा ओढला, दार मात्र उघडंच राहिलं. मी आणि ताई बाकावर शेजारी शेजारी बसलो, आणि मला एक चमत्कारिक गोष्ट कळली. काल मी या सकाळसाठी भांडलो होतो. आणि आता मी मनातल्या मनात विनवणी करत होतो की आत्या, चूक. एकच चूक कर. वार चुकव. आरसा विचार. मग मी आत येतो, सही करतो, आणि तू जगतेस.

“काल आपण भेटलो, आठवतंय?” डॉक्टरांचा आवाज.

“थोडं. मी तुम्हाला गाडी बाजूला घ्यायला लावली बहुतेक.”

“हो.”

“सायकलवाल्यांना लावत नाही सहसा.”

डॉक्टर हसल्या. मग विचारलं, पायाला काय झालंय. आत्याने सांगितलं. काढला नाही तर काय होईल? आत्याने सांगितलं, आणि सर्जनपेक्षा सोपं करून सांगितलं. किती दिवस? आठवडा, कदाचित दोन. दुखेल? शेवटी दुखेल, नाहीतर शुद्ध नसेल. काढला तर? दहातले सात. कृत्रिम पाय. बायका बागेत फिरतात.

“मग नको का?”

ताईने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता.

“माझ्या भावाचा पाय तीनदा कापला,” आत्याचा आवाज आला. “दर वेळी विचारलं, समजलं का? दर वेळी तो म्हणाला, समजलं. शेवटी तो कुणाशी बोलत नव्हता. माझ्याशीही नाही. भिंतीशी बोलायचा. मी उशाशी बसून भिंतीची उत्तरं दिली. मला माहीत आहे, औषधं बदलली. मी त्या तिघांतली असेन असं मी म्हणत नाही. मी म्हणते, असले तर मला तो रस्ता माहीत आहे. हा दुसरा, मरणाचा, मला माहीत नाही. पण त्या रस्त्यावर मला नाही जायचं.”

“हे भीतीपोटी म्हणताय का?”

“अर्थात. तुम्हाला नसती वाटली?”

“वाटली असती.”

“मग ठीक.”

“उद्या मत बदललं तर?”

“तर सांगेन. तोंड आहे.”

पडदा सरकला. डॉक्टर बाहेर आल्या आणि काही बोलायच्या आधीच ताईने माझा हात सोडून दिला.

“त्यांना कळतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “माझ्या मते पूर्ण कळतंय. मला त्यांचा निर्णय पटत नाही, पण ते मला कुणी विचारलेलं नाही.”

सर्जन बराच वेळ फाइल उलटसुलट करत राहिला. मग त्याने आपल्या हाताने आत्याच्या पोटरीवर पेनाने रेघ काढली, जिथे लाली संपत होती तिच्या बरोबर कडेने. मला म्हणाला, त्यांना घरी जायचंय तर न्या, सकाळ-संध्याकाळ पट्टी बदला, ताप बघा. लाली या रेघेच्या वर गेली तर लगेच आणा. त्यांनी ठरवलंच, तर अजून दोन दिवस आहेत माझ्याकडे. त्यानंतर मीही काही करू शकणार नाही. मग आत्याला वाकून म्हणाला, “येते म्हणालात तर मी आहे.” त्याने ‘परत या’ म्हणून थट्टा केली नाही. करता आली असती.

---

दुपारी आत्याला खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून, मी आणि टॅक्सीवाल्याने जिना चढवला. तिने वाटेत एकदाही सूचना केली नाही, त्याचीच मला भीती वाटली. ताई वर आली, पाणी प्यायली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. आमच्याकडे पाठ करून.

नर्सने शिकवल्याप्रमाणे मी पट्टी सोडली. वास आला. मी तोंड वळवलं नाही, एवढं मला जमलं. आत्या उशीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती, पायाकडे नाही.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

“कशाचं?”

“मी चुकतेय?”

दोन दिवसांत तिला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. हे तिने मला विचारलं आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

“हो,” मी म्हणालो. “चुकतेयस.”

“मग तिथे का बोलला नाहीस?”

“तिथे... तिथे तुला कळतंय की नाही एवढंच होतं, आत्या. मी काही बोललो असतो तर वाटलं असतं की तुला ढकलतोय.”

“आता ढकल.”

“काय?”

“ढकल म्हटलं. बघू.”

मी ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर एवढं बोललो. तारखा नाहीत, दहातले सात नाहीत. मी म्हणालो, तू भिंतीशी बोललीस तर मी भिंतीच्या बाजूला बसेन, आणि माझी उत्तरं तुझ्या उत्तरांइतकी चांगली नसतील, पण असतील. मी म्हणालो, बाबांच्या वेळी तू एकटी होतीस, कारण आम्ही नव्हतो, आणि ते तू आम्हाला कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि आता तू त्या एकटेपणाच्या हिशेबाने ठरवतेयस, पण इथे तू एकटी नाहीस. मी म्हणालो, काल संध्याकाळी माझ्या हातात पेन होतं. मी सही केली असती तर तू आज चिडलेली असतीस, आणि मला तू चिडलेली चालली असती. गॅलरीतल्या ताईची पाठ हलत होती.

आत्या थांबून थांबून श्वास घेत होती.

“एवढं बोलतोस तू?” ती शेवटी म्हणाली. “हे मला ठाऊक नव्हतं.”

“मग?”

“मग माहीत नाही.”

मी तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला. पोटरी पुसून कोरडी केली. सर्जनची निळी रेघ दिसली, आणि लालीची कड दिसली. सकाळी दोन्हींच्या मध्ये जागा नव्हती असं मला वाटलं होतं. आता कड रेघेला टेकली होती, की ओलांडून एक धागा वर गेली होती, मला समजेना. मी खिडकीचा पडदा बाजूला केला. तरी समजेना.

“ताई,” मी हाक मारली. “इकडे ये. बघ हे.”

ताई आली, वाकली, चष्मा वर केला. तिलाही ठरवता येईना.

“फोन लावू का, आत्या?” मी विचारलं. फोन आधीच माझ्या हातात होता.

“थांब,” आत्या म्हणाली. “चष्मा दे माझा. आणि उशी लाव मागे. मला बघू दे.”

ताईने उशी लावली. मी चष्मा दिला. आत्या हळूहळू पुढे वाकली, दोन्ही हातांनी आपला पाय गुडघ्याशी धरला आणि स्वतःकडे वळवला. काखेतला थर्मामीटर पडला, कुणी उचलला नाही. ती बघत राहिली. मी सर्जनचा नंबर काढून अंगठा बटणाजवळ धरून उभा होतो.